मालगाडीचे गणित आणि आपले तास
(शाखेच्या सभेतील भाषण)



मालवाहतुकीचे गणिती आराखडे संगणकाबरोबर आले, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. तसे नाही. सोव्हिएत रेल्वेवर मीठ, सिमेंट कोठून कोठे धाडले तर एकूण किलोमीटर कमी पडतील, याचा हिशेब टॉल्स्टॉय नावाच्या अभ्यासकाने (कादंबरीकार नव्हेत!) १९३० साली मांडला. पुढे कान्तोरोविच यांनी अशा नियोजनाचे व्यापक गणित १९३९ मध्ये बांधले आणि १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल कूपमान्स यांच्यासह मिळवले.

हे गणित आपल्याला न समजण्यासारखे नाही. समजा, दोन खाणी, दोन वीजकेंद्रे. प्रत्येकी एक रेक. पहिल्या खाणीपासून पहिले केंद्र २०० किलोमीटर, दुसरे ३००. दुसऱ्या खाणीपासून पहिले ४००, दुसरे ७००. जवळचे म्हणून पहिली खाण पहिल्या केंद्राला जोडली, तर दुसऱ्या खाणीला ७०० चा पल्ला उरतो; एकूण ९००. अदलाबदल केली की ३०० अधिक ४००, म्हणजे ७००. दोनशे किलोमीटर वाचले. देशात हजारो ठिकाणांसाठी हेच करायचे, म्हणून यंत्र लागते.

आमचा या गणिताला विरोध नाही. उलटसुलट वाहतूक थांबलीच पाहिजे. आमची हरकत गणितात काय घातले जाते याला आहे. रेल्वेच्या मालात वजनाने जवळपास निम्मा कोळसा. तो उतरवून उघड्या वाघिणी बहुधा रिकाम्याच परततात. ते किलोमीटर धरले का? मेलगाडीला वाट देण्यासाठी मालगाडी लूपलाईनवर उभी राहते, ते तास धरले का? कागदावर गाडी सरासरी वेगाने धावते. प्रत्यक्षात लोको पायलट सिग्नलकडे डोळे लावून बसतो, आणि रिलीफचा पत्ता नसतो. उभी गाडी म्हणजे काही विश्रांती नव्हे.

याच सरासरीवरून फेरीचा वेळ ठरतो, फेरीच्या वेळावरून किती क्रू लागतील ते ठरते, आणि मग पदे ‘जादा’ निघतात. म्हणून पुढच्या पी.एन.एम. बैठकीत आम्ही एवढेच मागणार आहोत: आराखड्यात धरलेला वेग, थांबे आणि रिकामी धाव लेखी द्या. लॉबीतल्या साइन-ऑन, साइन-ऑफच्या नोंदी आम्ही शेजारी ठेवतो. प्रत्येक डेपोने मागील तीन महिन्यांच्या नोंदी पंधरा दिवसांत शाखेकडे पोचवाव्यात.