भूल देण्याआधी तोंड का पाहतात?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी ऑपरेशनाविषयी चार शब्द बोलावे म्हणते, कारण तो प्रसंग कोणावरही येतो.

ऑपरेशनाआधी भूल देणारे डॉक्टर येतात आणि 'तोंड उघडा, जीभ बाहेर काढा, मान मागे करा' असे सांगतात. दुखणे पोटाचे, मग तोंड कशाला पाहायचे, असे आपल्याला वाटते. त्याचे कारण मी विचारून घेतले.

पूर्ण भूल दिली की अंग सैल पडते, जीभ मागे घसरते आणि श्वास आपला आपण चालत नाही. म्हणून बहुतेक वेळा तोंडातून श्वासनलिकेत नळी घालून प्राणवायू देतात. तोंड पुरते उघडत नसेल, जबडा लहान किंवा मान ताठ असेल, तर ती वाट दिसत नाही. आणि प्राणवायूवाचून मेंदू थोडीच मिनिटे तग धरतो.

मूळचे आंध्रातील डॉ. शेषगिरी मल्लंपाटी यांनी अमेरिकेत २१० रोग्यांची तोंडे आधी पाहिली आणि नळी घालताना कोणाला अडचण आली ते पडताळले. जिभेआड घसा जितका झाकलेला, तितकी नळी अवघड, असे त्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केले. ही परीक्षा आज जगभर त्यांच्याच नावाने होते.

पण नुसते पाहून सारे कळत नाही. म्हणून अवघड श्वासमार्गाचा विचार करणाऱ्या भूलतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने २०१६ साली मार्गदर्शक नियम केले. ते लिहिण्यात मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. शीला मायत्रा पुढे होत्या. नळी घालण्याचे प्रयत्न तीनापुढे न्यायचे नाहीत, मदतीला हाक मारायची, प्राणवायू चालू ठेवायचा, असे त्यांत सांगितले आहे. हट्टाने घसा सुजतो आणि संकट वाढते.

पुढच्या रांगेत माझ्या जाऊबाई बसल्या आहेत. त्यांच्या परवानगीने सांगते. त्यांच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनाआधी डॉक्टरीणबाईंनी विचारले, "मिश्री, तंबाखू, सुपारी?" मुलगा-सून समोर उभी, जाऊबाईंनी नकाराची मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी सर्वांना बाहेर पाठवून पुन्हा विचारले, तेव्हा वीस वर्षांची मिश्री आणि गालात धरलेली सुपारी कबूल झाली. रोजच्या सुपारीने गाल आतून राठ होतात. जाऊबाईंच्या तोंडात उभी दोनच बोटे जात होती. मग त्या जाग्या असतानाच घसा बधिर करून, नाकातून कॅमेऱ्याच्या साहाय्याने नळी घातली आणि नंतर भूल दिली.

भगिनींनो, आपली तीन बोटे तोंडात उभी मावतात का, ते आज घरी पाहा. न मावली तर डॉक्टरांना दाखवा. कवळी, हलणारा दात, घोरणे, मिश्री, काही लपवू नका. मुलांसमोर लाज वाटली, तर डॉक्टरांना एकटीला भेटायचे आहे म्हणा. मागे नळी घालताना अडचण आली असेल, तर तसे लिहून घ्या आणि तो कागद रेशनकार्डाजवळ जपून ठेवा.

हळदीकुंकवाची सुपारी ओटीत असावी, गालात नसावी, एवढे सांगून मी आपली रजा घेते.