वही आणि बिल



आमच्या वसाहतीत एक मोकळा प्लॉट होता. वसाहत म्हणजे सिडकोच्या पुढे, पाथर्डी फाट्याच्या बाजूला. सकाळी तिथे पोरं क्रिकेट खेळायची, संध्याकाळी दोन भाजीच्या हातगाड्या आणि एक पाणीपुरीवाला उभा राहायचा, नवरात्रात तिथेच देवीचा मांडव असायचा. २०१२ सालच्या गणपतीनंतर एका सकाळी त्या प्लॉटला चारी बाजूंनी पत्रे लागले. दुपारपर्यंत बातमी पसरली, की इथे मोठं दुकान येणार. किराणा, कपडे, भांडी, भाजी, सगळं एका छपराखाली. संध्याकाळपर्यंत वसाहतीत दोन पक्ष झाले होते.

त्या दिवसांत वातावरणच तसं होतं. किरकोळ व्यापारात परदेशी कंपन्यांना ५१ टक्क्यांपर्यंत भांडवल घालू द्यायचा निर्णय केंद्र सरकारनं त्याच सप्टेंबरमध्ये घेतला होता आणि त्याविरुद्ध २० तारखेला, ऐन गणेशोत्सवात, 'भारत बंद'ची हाक दिली गेली होती. १० लाखांहून जास्त वस्ती असलेल्या शहरांतच अशी दुकानं काढता येतील, अशी एक अट त्यात होती. २०११ च्या जनगणनेत आपलं नाशिक १४ लाख ८६ हजारांवर गेलेलं. महाराष्ट्र सरकारनंही संमती दिलेली. तेव्हा पत्र्यांच्या आड अमेरिकाच येऊन बसली आहे, अशी आमच्यातल्या निम्म्या लोकांची समजूत झाली.

वस्तुस्थिती वेगळी होती. येणारी कंपनी आपल्याच देशातली होती. देशी कंपनीला असं दुकान काढायला त्या निर्णयाची गरजच नव्हती. 'बिग बझार' २००१ मध्ये सुरू झालं होतं, 'डी-मार्ट'चं पहिलं दुकान २००२ मध्ये मुंबईत पवईला निघालं होतं. म्हणजे ज्याच्याविरुद्ध आपण घोषणा देत होतो, ते दारात यायला अजून अवकाश होता, आणि जे दारात आलं होतं त्याच्याविरुद्ध कोणाची घोषणा नव्हती.

रविवारी संध्याकाळी गणपती मंदिराच्या सभामंडपात बैठक ठरली. शंभरएक माणसं जमली. एरवी पाण्याच्या प्रश्नावर बोलावलं तरी पंधरा येत नाहीत.

पहिल्यांदा दुकानदार बोलले. आमच्या रस्त्यावर किराण्याची चार दुकानं. त्यातले सगळ्यांत जुने नाना. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की "आम्हाला एजन्सीकडून ज्या भावानं माल पडतो, त्या भावात तिथे गिऱ्हाइकाला साबण मिळणार. आम्ही टिकायचं कसं?" हे खरंच आहे. मोठी दुकानं कारखान्याकडून थेट आणि गाड्या भरून माल उचलतात आणि त्या बदल्यात भाव पाडून घेतात. नाना दोन खोकी घेणार, तेही सेल्समन आठवड्यानं येईल तेव्हा.

मग महिला मंडळाच्या बायका उठल्या. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. डाळ हातात घेऊन बघता येते, छापील किमतीपेक्षा कमी भाव लागतो, वजनाची शंका राहत नाही, आणि "काय हवंय?" म्हणून कोणी घाई करत नाही. एक वहिनी म्हणाल्या, "नानांच्या दुकानात मला पंचवीस वर्षं बाहेर उभं राहूनच सामान घ्यावं लागलंय. एकदा मला आत जाऊन बघायचंय." सगळे हसले, नानाही हसले.

निफाडकडे शेती असलेले आमचे एक शेजारी म्हणाले, की व्यापाऱ्याचा कळवळा सगळ्यांना येतो, पण शेतकऱ्याला नवं गिऱ्हाईक मिळालं तर बिघडलं कुठे? शरद जोशींनी किरकोळ व्यापारातल्या परदेशी गुंतवणुकीला पाठिंबा दिला होता, तो याच विचारानं. कांद्याच्या आंदोलनात वाढलेल्या आपल्या जिल्ह्यात या मुद्द्याला वजन आहे. आणि मागे उभ्या असलेल्या तरुण पोरांचा प्रश्न साधा होता : "तिथे आम्हाला नोकरी लागेल का?"

मग मी उठलो. मी अंबडच्या एका कारखान्यात नोकरी केली. नव्वदच्या दशकात आमचा कारखाना सात महिने बंद राहिला. घरात दोन लहान मुलं, पगार शून्य. त्या सात महिन्यांत नानांनी आमचं सामान एकदाही थांबवलं नाही. वहीत माझं पान होतं, ते भरलं, मग दुसरं भरलं. कारखाना सुरू झाल्यावर ती उधारी फेडायला मला दीड वर्ष लागलं. नानांनी व्याज लावलं नाही, की चारचौघांत विषय काढला नाही. हे सगळं मी सभेत सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "त्या मोठ्या दुकानात बिल मिळेल, पण वही मिळणार नाही." टाळ्या पडल्या. मी खाली बसलो तो जरा फुशारकीतच.

तेवढ्यात दाराजवळ बसलेली एक बाई उठली. आमच्याकडे आणि आणखी चार घरी धुणंभांडी करणारी. सभेत बोलायची तिला सवय नव्हती. ती म्हणाली, "काका बोलले ते खरं आहे. पण वहीत पान तुमचं आहे, माझं नाही. मी पावशेर तेल आणि पाच रुपयांची चहापत्ती रोज रोखीनं नेते. सुटं घेते म्हणून मला ते महाग पडतं. मागं पोरगं दवाखान्यात होतं तेव्हा मी नानांकडे उधार मागितलं, मिळालं नाही. मग मला दुकान छोटं काय आणि मोठं काय?"

सभामंडप गप्प झाला. मी माझ्या हातांकडे बघत बसलो. नाना सावकाश उठले. म्हणाले, "ती खरं बोलते. काकांची कंपनी उद्या सुरू होईल, त्यांचं घर स्वतःचं आहे, ते कुठे जाणार नाहीत, हे मला माहीत होतं. तिची खोली भाड्याची. मी भ्यालो." एवढंच बोलून ते बसले.

श्रोतेहो, त्या सभेत 'दुकान नको' असा ठराव झाला नाही आणि 'हवं' असाही झाला नाही. खरं तर तो ठराव करणं आमच्या हातातही नव्हतं. जागा खासगी मालकीची, परवानगी महापालिका देणार. पण त्या दोघांच्या बोलण्यानंतर ओरडणं थांबलं आणि आम्ही कामाचं बोलायला लागलो. मालाचे ट्रक कुठे उभे राहणार? गिऱ्हाइकांच्या गाड्या दुकानाच्या आवारात लागणार, की आमच्या दारांसमोर? खोक्यांचा आणि प्लॅस्टिकचा कचरा कोण उचलणार? हातगाडीवाल्यांनी जायचं कुठे? वसाहतीतल्या मुलांना कामावर घेणार का? असं पाच मुद्द्यांचं निवेदन तयार झालं, त्यावर दोनशेच्या वर सह्या झाल्या. एक प्रत महापालिकेत दिली, एक कंपनीला.

पुढे कधीतरी मला जपानची माहिती वाचायला मिळाली, आणि तिथे आमच्या सभेचीच आठवण झाली. तिथे १९७४ पासून मोठ्या दुकानांवर एक कायदा होता. छोट्या दुकानदाराला सांभाळण्यासाठी मोठ्या दुकानाचा आकार, वेळा, सुट्ट्या यांवर बंधनं घालता येत. २००० साली तो कायदा जाऊन दुसरा आला. नव्या कायद्याचा प्रश्न वेगळा आहे : या दुकानामुळे आजूबाजूला राहणाऱ्यांचं काय होईल? वाहनतळ, रहदारी, आवाज, कचरा यांची व्यवस्था मोठ्या दुकानानं आधी मांडायची आणि त्या भागातल्या लोकांना बोलावून ती समजावून सांगायची. म्हणजे आम्ही जे मंदिरात बसून स्वतःहून विचारलं, ते तिथे दुकानाला कायद्यानंच सांगावं लागतं. आपल्याकडेही असं व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. पत्रे लागल्यानंतर बातमी कळण्यापेक्षा पत्रे लागण्याआधी बैठक व्हावी.

आमच्या निवेदनाचं काय झालं? वाहनतळ आवारात झाला. ट्रक रात्री उशिरा यायला लागले, त्यांचा आवाज झोपमोड करतो तो भाग वेगळा. वसाहतीतल्या सात-आठ मुलामुलींना काम मिळालं, पण ते ठेकेदारामार्फत, त्यातली दोनच टिकली. हातगाड्यांचं काहीच झालं नाही. पाणीपुरीवाला दुसऱ्या चौकात गेला, भाजीवाल्यांपैकी एकानं धंदाच सोडला.

आणि आता माझी गोष्ट. २०१४ मध्ये दुकान सुरू झालं. पहिल्या आठवड्यात सूनबाई जाऊन आली. तिनं कागदावर हिशेब मांडला : महिन्याच्या सामानामागे साडेतीनशे रुपये वाचतात. पेन्शनीच्या घरात साडेतीनशे रुपये म्हणजे माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या. मी काय बोलणार? पुढच्या महिन्यापासून आमचं सगळं सामान तिथून यायला लागलं. नानांकडे आम्ही जायचो ते दही, कोथिंबीर, ऐनवेळी संपलेली साखर एवढ्यासाठी. सभेत वहीबद्दल भाषण करणारा मीच होतो, हे मी सोयीनं विसरलो.

वर्षभरानं एकदा दह्याची पिशवी हातात देताना नानांनी विचारलं, "काका, तुमचं पान कोरंच आहे. नवीन वही घालतोय. नाव घेऊ का नको?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. दुकानदाराचा साधा प्रश्न होता. पण मला उत्तर सुचेना. मी "बघू" म्हणालो आणि घरी आलो. रात्री झोप लागली नाही. अडचणीच्या सात महिन्यांत ज्या दुकानानं मला धरून ठेवलं, ते दुकान त्या सात महिन्यांच्या उधारीवर चाललेलं नव्हतं. ते चाललं होतं बाकीच्या लोकांच्या रोजच्या रोखीवर. त्या लोकांनी तेव्हा माल दुसरीकडून आणला असता, तर नानांकडे मला द्यायला काय उरलं असतं? कठीण दिवसाला जे हवं असतं ते साध्या दिवसाच्या गिऱ्हाइकीवर जगतं. एवढी साधी गोष्ट मला सत्तरीला आल्यावर कळली.

दुसऱ्या दिवशी सूनबाईशी बोललो. भांडण नाही, हिशेब केला. तांदूळ, डाळी, तेल, गूळ नानांकडून. साबण, कपड्यांची पावडर, बिस्किटं, नातवाचे कपडे तिकडून. महिन्याला दीड-दोनशे रुपये जास्त जातात. ती वर्गणी समजून देतो.

नानांनीही आपलं दुकान बदललं. मधला कठडा काढून फळ्या लावल्या, आता गिऱ्हाईक आत जाऊन माल बघतं. त्या वहिनींची इच्छा पूर्ण झाली. घरपोच सामान देतात. आणि एक गंमत सांगतो, मोठ्या दुकानात साबणावर सवलत असली, की नाना स्वतः तिथून दोन पिशव्या भरून आणतात. "एजन्सीपेक्षा स्वस्त पडतो," म्हणतात. सभेनंतरच्या आठवड्यात त्यांनी त्या धुणंभांडीवाल्या बाईंच्या नावाचं पानही घातलं होतं. सुरुवातीला पाचशे रुपयांपर्यंतच. दर महिन्याच्या सात तारखेला ती पैसे चुकते करते.

२०२० च्या टाळेबंदीत तिची चारही कामं बंद झाली. मोठ्या दुकानासमोर खडूच्या चौकोनांत रांगा लागल्या होत्या, आणि रांगेत उभं राहायला खिशात पैसे लागतातच. त्या दिवसांत तिच्या पानावर पाचशेची मर्यादा राहिली नाही. नानांनी तो आकडा कोणाला सांगितला नाही, मीही विचारला नाही.

मोठी दुकानं वाईट, असं सांगायला मी आलेलो नाही. तीही बुडतात. ज्या 'बिग बझार'नं आपल्याला एका छपराखालच्या खरेदीची सवय लावली, ते चालवणारी कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. परदेशी कंपन्यांचा बाऊ झाला होता, त्यांपैकी फ्रान्सची 'कारफूर' २०१४ मध्येच भारतातून निघून गेली. आता तर दहा मिनिटांत फोनवरून सामान दारात येतं. उद्या आणखी काही येईल. प्रत्येक वेळी सभामंडपात बसून आपण 'हवं की नको' म्हणत राहिलो, तर पत्रे आपल्या आधी लागलेले असतील. आपल्या हातात दोन गोष्टी असतात. येणाऱ्याला अटी विचारायच्या आणि असलेल्याकडे जाऊन काहीतरी विकत घ्यायचं.

परवा नव्या वहीची पूजा झाली तेव्हा नानांनी मला बोलावलं होतं. माझं पान होतं. माझ्या आधीचं पान तिचं होतं.