कामाच्या पाळीत धम्म



विहाराच्या वर्धापनदिनी आम्हा सूतगिरणी कामगारांना दोन शब्द बोलायची संधी समितीने दिली, त्याबद्दल आभारी आहोत. आम्ही काही पंडित नाही. शाळा लवकर सुटली. जे वाचलं ते पाळी संपल्यावर वाचलं. बोलण्यात गिरणीची भाषा येईल, ती गोड मानून घ्यावी.

आपल्या इचलकरंजीत एक वाक्य घरोघरी ऐकायला मिळतं, "धम्म पाळायला वेळ कुठाय?" बोलणारा खोटं बोलत नसतो. आठ तास काम, वर जाण्यायेण्याचा वेळ, घरी पाणी भरायचं, पोरांची फी भरायची. आयाबहिणींना तर चूल आवरून पुन्हा कांड्या भरायला बसावं लागतं. मग ध्यान-साधना हे रिटायर माणसाचं काम, असं आपण धरून चालतो.

परंतु तथागतांची शिकवण तशी नाही. सतिपट्ठान सुत्तात श्वासापासून सुरुवात आहे आणि लगेच पुढे चालणं, वळून बघणं, हातपाय आखडणं-पसरणं, खाणं-पिणं, इतकंच काय, शौचाला जाणं, हे सगळं जाणीवपूर्वक करायला सांगितलं आहे. यातली कोणती गोष्ट गिरणीत होत नाही? रिंगफ्रेमवर शेकडो चात्या फिरत असतात. सूत तुटलं की सांधायचं आणि पुढे जायचं. मन घरच्या भांडणात अडकलं तर हात चुकतो, सूत वाया जातं, प्रसंगी बोटावर बेततं. मन कुठं गेलं ते ओळखायचं आणि त्याला हातातल्या कामावर परत आणायचं, यालाच पालीत सति म्हणतात, म्हणजे स्मृती. तुटलेल्या धाग्यावर चिडून काय उपयोग? भटकलेल्या मनावर चिडूनही उपयोग नाही. दिवसातून शंभर वेळा तुटलं तरी शंभर वेळा सांधायचं.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातल्या एका विणकराच्या मुलीची गोष्ट आहे. बुद्धांचा मरणस्मृतीवरचा उपदेश ऐकून तिने तीन वर्षं त्याचं चिंतन केलं. घरचं काम मात्र सोडलं नाही. तीन वर्षांनी बुद्ध पुन्हा त्या गावी आले. नेमकं त्याच दिवशी बापाने सांगितलं, लुगडं मागावर अर्धं राहिलंय, कांड्या भरून आण. पोरीने आधी कांड्या भरल्या. इकडे भोजन उरकलं, सगळं गाव उपदेशाला बसलं, पण बुद्ध काहीच बोलेनात. टोपली घेऊन मुलगी सभेच्या कडेला आली, तेव्हा त्यांनी तिला जवळ बोलावलं, प्रश्न विचारले. तिच्या उत्तराचा आशय असा की, मरण येणार हे मला ठाऊक आहे, कधी येणार हे ठाऊक नाही. बुद्धांनी साधुकार दिला आणि मगच उपदेश केला. बंधूंनो, कामावरच्या एका पोरीसाठी बुद्ध थांबले, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवली पाहिजे.

आता कोणी म्हणेल, ध्यान म्हणजे गप गुमान सोसायला शिकणं. हे आम्हाला मान्य नाही. श्वास बघायचा म्हटलं की त्या श्वासाबरोबर काय आत जातं तेही दिसतं. कापसाच्या धुळीने बिसिनोसिस नावाचा छातीचा आजार होतो. साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते, ही त्याची खूण. ज्याचं आपल्या श्वासाकडे लक्ष आहे त्याला ही खूण लवकर कळते. तो तोंडाला फडकं बांधतो, डॉक्टर गाठतो आणि खात्यात धूळ ओढणारी यंत्रणा चालू ठेवा म्हणून चार जणांना घेऊन मागणी करतो. ही मागणी धम्माच्या बाहेरची नाही. सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्यं सांगितली आहेत: कामगाराच्या ताकदीप्रमाणे काम द्यावं, अन्न व वेतन द्यावं, आजारात काळजी घ्यावी, वेळोवेळी सुट्टी द्यावी.

परमपूज्य बाबासाहेबांची नजर अशीच जागी होती. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळाचं निमित्त सांगून आपल्या माणसांना जास्त पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. पुढे ते मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. आपल्याला जे चार तास मोकळे मिळतात त्यामागे असा झगडा आहे. ते तास दारूत घालवायचे की टीव्हीपुढे, याचा विचार ज्याने त्याने करावा.

शेवटी समितीला एक नम्र विनंती. आपली सामुदायिक वंदना रोज संध्याकाळी सातला होते. त्या वेळी दुसऱ्या पाळीचे कामगार साच्यावर असतात आणि आयाबहिणी चुलीपुढे. विहाराला वर्गणी देणाऱ्यांत मोठा वाटा ह्यांचाच आहे. आठवड्यातून दोन दिवस तरी सकाळी दहाला वंदना आणि अर्धा तास ध्यान ठेवावं. दार उघडायची आणि झाडलोट करायची जबाबदारी आम्ही दुसऱ्या पाळीचे लोक आळीपाळीने घेतो. आळवीत बुद्ध थांबले, मग आपल्या विहारानेही कांडीवाल्या बहिणीसाठी थोडं थांबावं, एवढंच आमचं मागणं आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!