‘आपल्याच्याने कुठे होणार?’

(जीर्णोद्धार सोहळ्यात लोटे येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाच्या कामाविषयी बोलावयाचे तर माझ्यापेक्षा येथले गवंडी आणि सुतार अधिक अधिकाराने बोलतील. समितीने मला विषय दिला आहे तो निराळा. गावातील तरुण मुलामुलींना यश कसे मिळवावे यावर चार शब्द सांगा, असा निरोप आला. यशावर बोलणारे हल्ली उदंड झाले आहेत. मोबाईल उघडला की कोणी तरी सांगतच असतो, की सकाळी आरशासमोर उभे राहा आणि ‘मी यशस्वी आहे’ असे एकवीस वेळा म्हणा. म्हणून पाहण्यास हरकत नाही, त्याला पैसे पडत नाहीत. पण दुपारी साहेबाच्या खोलीच्या दाराशी उभे राहिल्यावर पाय लटपटू लागतात, तेव्हा तो आरसा तेथे नसतो.

आपल्या भागात एक वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो. ‘आपल्याच्याने कुठे होणार?’ ऐकायला ते नम्रतेचे वाटते, आणि कोकणी माणूस नम्र आहे यात शंका नाही. परंतु त्या नम्रतेच्या पोटात भीती दडलेली असते. येथे लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत आपल्या उंबऱ्याशी आहे. शास्त्र शाखेतून चांगल्या गुणांनी पास झालेला मुलगा कंपनीच्या फाटकावर जातो आणि विचारतो, ‘हेल्परची जागा आहे का?’ प्रयोगशाळेत जागा आहे का, असे तो विचारीतच नाही. तो मुलाखतीत नापास होत नाही; तो मुलाखतीला बसतच नाही. वरची जागा बाहेरून आलेल्याने घेतली म्हणून पुढे पारावर बसून आपण चडफडतो. बाहेरच्यांना झुकते माप मिळते ही तक्रार काही ठिकाणी खरीही असेल. परंतु ज्या जागेसाठी आपण अर्जच केला नाही, ती कोणी हिरावून घेतली असे कसे म्हणावे?

प्रत्येकाच्या मनात स्वतःचे एक चित्र असते. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक अमेरिकन शल्यचिकित्सक होते. चेहऱ्यावरचे व्यंग शस्त्रक्रियेने दूर करणे हे त्यांचे काम. त्यांना असे आढळले, की चेहरा सुधारल्यावर कित्येकांची चालबोल बदलते, परंतु काही जण आरशात नवा चेहरा पाहूनही स्वतःला कुरूपच समजत राहतात. चेहरा बदलला, आतले चित्र तसेच राहिले. १९६० साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले आणि ते जगभर गाजले. ते आतले चित्र बदलावयाचे कसे, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर शोधण्यास अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. ते आपल्याच खेड तालुक्यात सापडते.

शेरवली हे आपल्या तालुक्यातील गाव. तेथे १८ एप्रिल १८५८ रोजी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म झाला. ते वाढले दापोलीजवळच्या मुरूडला. पुढे ते महर्षी झाले, भारतरत्न झाले, म्हणून आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि मोकळे होतो. पण १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आत्मवृत्ता’त त्यांनी स्वतःच्या स्वभावाविषयी लिहिले आहे ते आपल्या मुलांनी अवश्य वाचावे. हा मुलगा अंगाने किरकोळ आणि स्वभावाने विलक्षण लाजाळू. चारचौघांत तोंड उघडणे त्याला जड जाई. आणि ही भीड पुढे कधी समूळ गेली नाही.

सातारच्या परीक्षेची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. १८७५ सालची ही हकीकत. परीक्षेचे ठिकाण सातारा. धोंडोपंत सोबत्यांबरोबर मुरूडहून पायी निघाले. भर पावसाळा, मध्ये सह्याद्री, अंतर शंभर मैलांवर. दिवसामागून दिवस चालून साताऱ्यास पोहोचल्यावर परीक्षकांनी त्या मुलाकडे पाहिले आणि सांगितले, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. दाखला जवळ होता, तो मानला नाही. परीक्षेस बसूच दिले नाही. आल्या वाटेने परत!

आता विचार करा, या ठिकाणी आपल्यापैकी एखादा असता तर घरी येऊन काय म्हणाला असता? धोंडोपंतांना दुःख झाले नाही असे नाही. पण ती परीक्षा त्यांनी पुढे दिली आणि उत्तीर्णही झाले. मॅट्रिक झाले ते १८८१ साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी! आजच्या हिशेबाने ‘वाया गेलेला मुलगा’. १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. झाले. आणि १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यास कोणाच्या रिकाम्या जागी उभे राहिले? लोकमान्य टिळकांच्या! हे बोलावणे धाडले होते गोपाळ कृष्ण गोखले यांनी. मुरूडच्या लाजाळू मुलाला ‘ही जागा आपली नव्हे’ असे वाटण्यास यापेक्षा मोठे निमित्त कोणते हवे होते?

परंतु मला अधिक महत्त्वाची वाटते ती याच्याही आधीची गोष्ट, आणि ती देवळातली आहे. मुरूडला सोमण नावाचे गुरुजी होते. त्यांनी या अबोल मुलाला एक काम लावून दिले. दुर्गादेवीच्या देवळात जमणाऱ्या मंडळींना वर्तमानपत्र वाचून दाखवावयाचे. किती साधी युक्ती! ‘तू धीट हो’ असा उपदेश नाही. शब्द दुसऱ्याचे, त्यामुळे काय बोलू ही चिंता नाही; ऐकणारे गावचेच, त्यामुळे हसले तरी घरचेच. वाचता वाचता मुलाला कळले, की माणसे आपले ऐकतात. मनातल्या चित्रात पहिला रंग बदलला तो तेथे, असे मला वाटते. (गुरुजींच्या पिढीकडे मानसशास्त्राची पुस्तके नव्हती, तरी मुलाची नाडी त्यांना बरोबर सापडे.)

आल्बर्ट बंडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडली. ‘हे मला जमेल’ हा विश्वास कशाने येतो? कोणी पाठ थोपटल्याने थोडा येतो. आपल्यासारखाच दुसरा कोणी ते करताना पाहिल्याने येतो. पण सर्वांत भक्कम विश्वास येतो तो स्वतः काम करून, ते पार पडलेले पाहून. म्हणजे आधी विश्वास आणि मग काम, असा क्रम आपण धरून बसतो, तो बहुधा उलटा आहे.

आता माताभगिनींसाठी. देवरूख आपल्याच जिल्ह्यातले. तेथल्या जोशी घराण्यातील दोन बहिणी, दोघीही विधवा. थोरली गोदूबाई. ती पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकली आणि १८९३ साली कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाली. त्यासाठी मुरूडकरांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला, आणि त्याचा जाच म्हाताऱ्या आईलाही झाला. धाकटी पार्वतीबाई आठवले. ऐन तारुण्यात वैधव्य आले, पदरी एक मुलगा. त्या काळच्या विधवेच्या मनात तिचे स्वतःचे कोणते चित्र असेल? समोर आली तर अपशकुन, एवढेच. ते चित्र तिने काढलेले नव्हते, गावाने काढून तिच्या हाती दिले होते. पंचविशी उलटल्यावर ही बाई पुण्यास जाऊन शिक्षणाला लागली. पुढे कर्व्यांच्या आश्रमासाठी गावोगाव हिंडून, सभेत उभी राहून वर्गणी गोळा करू लागली. आणि १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी धड येत नसताना एकटी अमेरिकेस गेली. तेथे लोकांच्या घरी भांडी घासण्यापासून घरकाम करून तिने दिवस काढले आणि १९२० साली परत आली. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात तिने हे सारे लिहून ठेवले आहे. आपल्या मुली चिपळूणला कॉलेजात जाण्यास कचरतात तेव्हा मला पार्वतीबाई आठवतात.

येथे एक इशारा द्यावयास हवा. मन बदलले की सारे काही साधते, असे सांगणाऱ्या वक्त्यांवर माझा विश्वास नाही. विधवेवरचा जुलूम हा तिच्या मनाचा खेळ नव्हता. साताऱ्याचे दार खरोखरच बंद झाले होते. आज ज्याच्या घरी फीचे पैसे नाहीत त्याला ‘विचार मोठे ठेव’ म्हणून सांगणे ही थट्टाच होय. त्याची फी भरली पाहिजे. कर्वे हे जाणून होते. म्हणून त्यांनी विधवांना नुसता उपदेश केला नाही. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्याच्या माळावरील झोपडीत नेला, आणि स्वतः कॉलेज आटोपून रोज चार मैल चिखल तुडवीत तेथे जात राहिले. लाजाळू माणूस दारोदार वर्गणी मागत हिंडला! मागताना त्यांना संकोच वाटत नव्हता काय? वाटत होता. संकोच खिशात घालूनच ते दार ठोठावीत. १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतून प्राथमिक शाळा काढण्यासाठी त्यांनी मंडळ स्थापन केले.

आता या देवळाकडे येतो. जीर्णोद्धाराची गोष्ट पहिल्यांदा निघाली तेव्हा ‘आपल्याच्याने कुठे होणार’ हे वाक्य या गावातही निघाले होते, असे समितीची मंडळी सांगतात. आज आपण त्याच सभामंडपात बसलो आहोत. मंडप सुंदर झाला आहे, पण उत्सवाचे दिवस सोडले तर संध्याकाळी येथे कोण असते? समितीला माझी विनंती आहे की रोज दिवेलागणीनंतर अर्धा तास येथे वर्तमानपत्राचे वाचन ठेवावे. वाचणारी मुले-मुली शाळेतली असावीत, आणि जी सर्वांत कमी बोलतात त्यांची पाळी आधी लावावी. कोणी अडखळले तर हसू नये, एवढी जबाबदारी वडीलधाऱ्यांनी घ्यावी. शनिवारी कारखान्यात काम करणाऱ्या आपल्याच गावच्या एखाद्याने अर्ज कसा लिहितात, मुलाखतीत काय विचारतात, आय. टी. आय. नंतर शिकाऊ उमेदवारी कशी मिळते हे सांगावे. यासाठी बाहेरचा वक्ता नको.

पहिला आठवडा मी येऊन बसेन. वर्तमानपत्राची वर्षाची वर्गणी समितीने माझ्या नावावर लिहून घ्यावी.