रांग, चौकट आणि क्रम
(हीरकमहोत्सवी वर्षात अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणासाठी मी संगणकीय गणितातील एक लहानसा विषय निवडला आहे : संख्यांच्या रांगेची चौकट कशी करावी आणि चौकटीची पुन्हा रांग कशी करावी.

एनसीईआरटीच्या बारावीच्या हिंदी गणितात ‘आव्यूह’ आणि ‘सदिश बीजगणित’ ही दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत. आव्यूह म्हणजेच आपली सारणी, अर्थात मॅट्रिक्स. संगणकाच्या दृष्टीने मात्र सदिश ही संख्यांची एकेरी रांग होय, आणि सारणी ही त्याच संख्यांची पंक्ती व स्तंभ यांत केलेली मांडणी. एकीचे दुसरीत रूपांतर करताना एकही संख्या बदलत नाही. बदलते ती केवळ तिची जागा. सारे मर्म या जागेतच आहे.

सायलॅब ही शास्त्रीय गणनेची भाषा फ्रान्समधील इन्रिया या संशोधनसंस्थेत उदयास आली. ती विनामूल्य उपलब्ध आहे. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प तिचा प्रसार करतो, आणि तेथीलच ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात तिचे पाठ मराठीतूनही ऐकावयास मिळतात. या भाषेत रांगेची सारणी करणाऱ्या आज्ञेचे नावच ‘मॅट्रिक्स’ आहे. तिला रांग, पंक्तींची संख्या आणि स्तंभांची संख्या सांगावी लागते. उलट, सारणीच्या नावापुढे कंसात केवळ अपूर्णविराम लिहिला, की तिची एक उभी रांग होते.

आता एक काल्पनिक गुणपत्रक घेऊ. तीन विद्यार्थी, विषय मराठी आणि गणित. पहिल्याचे गुण 42 व 35, दुसऱ्याचे 28 व 47, तिसऱ्याचे 39 व 31. लिपिकाने ते विद्यार्थीवार टंकित केले : 42, 35, 28, 47, 39, 31. या रांगेची तीन पंक्ती व दोन स्तंभ अशी सारणी मागितली, तर सायलॅब आधी पहिला स्तंभ वरून खाली भरते आणि मग दुसरा. परिणामी पहिल्याच्या नावावर 42 व 47 येतात, दुसऱ्याच्या 35 व 39, तिसऱ्याच्या 28 व 31. खऱ्या बेरजा 77, 75 आणि 70. सारणीत दिसतात 89, 74 आणि 59. तिसऱ्या मुलाचे अकरा गुण गेले!

अधिक गंभीर बाब पुढेच आहे. दोन्ही मांडण्यांची एकूण बेरीज 222 च येते. चार पंक्ती व दोन स्तंभ मागितले असते, तर सहा संख्या पुरत नाहीत म्हणून यंत्राने चूक दाखविली असती. येथे संख्या पुरल्या, म्हणून यंत्र गप्प राहिले. ताळा जुळला, तरी न्याय झाला नाही.

उपाय सोपा आहे. प्रथम दोन पंक्ती व तीन स्तंभ अशी सारणी करावी. म्हणजे प्रत्येक स्तंभात एकेक विद्यार्थी येतो. मग तिचा परिवर्त घ्यावा, म्हणजे पंक्तींचे स्तंभ आणि स्तंभांच्या पंक्ती कराव्यात.

स्तंभ आधी भरण्याची ही रीत 1957 साली आलेल्या फोरट्रान भाषेच्या परंपरेतील आहे. मॅटलॅब, ऑक्टेव्ह आणि सायलॅब तीच पाळतात. सी भाषा आणि पायथॉनमधील नमपाय मात्र, वेगळी सूचना नसल्यास, पंक्ती आधी धरतात. दोन्ही रीती आपापल्या जागी योग्यच आहेत. धोका असतो तो एका भाषेत लिहिलेली रांग दुसरीत वाचताना. म्हणून रांग कोणत्या क्रमाने लिहिली, याची नोंद तिच्यासोबतच ठेवावी. आणि सारणी तयार होताच एका विद्यार्थ्याची पंक्ती मूळ उत्तरपत्रिकेशी ताडून पाहावी. निवडलेल्या पंक्तीतील गुण मात्र परस्परांहून भिन्न असावेत, नाहीतर अदलाबदल लक्षात येत नाही.

विद्यार्थिमित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी रुग्णांच्या तपासण्यांचे, कोणी पावसाच्या नोंदींचे, तर कोणी शेकडो मुलांच्या निकालाचे आकडे हाताळील. यंत्र आकड्यांची संख्या मोजून घेईल. कोणता आकडा कोणाचा, हे पाहण्याचे उत्तरदायित्व तुमचे आहे. ते तुम्ही निष्ठेने पार पाडाल, असा विश्वास व्यक्त करते आणि आपल्या सर्वांची रजा घेते.