कॉम्प्युटर आपणच उघडूया

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

मैत्रिणींनो, ऑफिसातला कॉम्प्युटर मंद झाला की आपण तो रिक्षात घालून दुकानात नेऊन देतो. सल्ला केंद्राच्या बाबतीत मला याची भीती वाटते. त्या डिस्कवर बायकांची नावं आहेत, माहेरचे पत्ते आहेत, नवऱ्याविरुद्धचे अर्ज आहेत. फाइल 'डिलीट' केली तरी ती लगेच पुसली जात नाही. वॉरंटीत डिस्क बदलून मिळाली तर जुनी बहुतेकदा कंपनीच ठेवून घेते.

मग आपण का उघडत नाही? मागच्या स्क्रूवर स्टिकर असतो, 'सील तुटल्यास वॉरंटी रद्द'. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यापुढे अशी सरसकट धमकी टिकत नाही. २०१८ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने सहा कंपन्यांना तशी ताकीद दिली. आपल्याकडे हुबेहूब तसा कायदा नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं खरं, पण त्याने स्टिकरचा निकाल लागत नाही.

म्हणून आधी वॉरंटी कार्ड वाचायचं, बारीक अक्षरांसकट. मग कंपनीला ई-मेल करायचा: रॅम आणि डिस्क आम्ही बदलली तर वॉरंटी राहील का? उत्तराची प्रिंट बिलाला टाचून ठेवा. काउंटरवरच्या दादाचं 'चालतंय हो ताई' उपयोगाचं नाही. परवानगी असली तरी आपल्या हातून बोर्ड बिघडला तर तो खर्च आपला. नव्या भागाची वॉरंटी वेगळी, त्याचं बिलही वेगळं जपायचं.

बाकी काम एका स्क्रू ड्रायव्हरचं. आधी बॅकअप घ्या. वायर काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा. बांगड्या काढून ठेवा, आणि त्या दिवशी नायलॉनची साडी नको! थंडीत चटका बसतो ना, तीच स्थिर वीज चिप जाळू शकते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच आत जा. डीडीआर-४ च्या जागी डीडीआर-३ किंवा डीडीआर-५ रॅम बसत नाही, खाच वेगळ्या ठिकाणी असते. बसत नसेल तर जोर लावू नका. जुन्या मशीनला खरा वेग येतो तो फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी लावल्यावर.

जुनी रॅम फेकू नका. मशीन सर्व्हिसला द्यायची वेळ आली तर तीच परत बसवून द्या. आणि माहितीची डिस्क आपल्या कपाटात, कुलपात. डिस्कशिवाय मशीन घेतात का, तेही त्याच ई-मेलमध्ये विचारून ठेवा.

चहानंतर मागच्या खोलीत या. वॉरंटी कधीच संपलेलं एक मशीन ठेवलंय. प्रत्येकीने त्यातली रॅम काढून परत बसवायची आहे.