ट्रान्सफॉर्मरचे तेल : शुद्धीकरण आणि हाताळणी

(यंदाच्या उत्सवात रेल्वे वसाहतीत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर मोठमोठे वक्ते बोलून गेले. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. "तुमच्या कामाविषयीच बोला," असा कार्यकर्त्यांचा आग्रह पडला, म्हणून आज तेलाविषयी बोलतो.

आपल्या बिलासपूरहून कोळसा घेऊन निघणारी मालगाडी 25 केव्हीच्या तारेखाली धावते. उपकेंद्रात ग्रिडकडून वीज येते ती 132 किंवा 220 केव्हीने. ती 25 केव्हीवर उतरवणारा ट्रान्सफॉर्मर पोटात हजारो लिटर खनिज तेल बाळगून असतो. या तेलाची कामे दोन : वाइंडिंगची उष्णता बाहेर नेणे आणि विजेला भलत्या वाटेने जाऊ न देणे. दुसरे काम बिघडवायला थोडेसे पाणी पुरते.

थोडेसे म्हणजे किती? दहा हजार लिटर तेल धरा. वजन साधारण 8,800 किलो. पाण्याचे प्रमाण 40 पीपीएम असेल, तर त्या सगळ्या तेलात मिळून पाणी साडेतीनशे ग्रॅम, म्हणजे दोन-अडीच वाट्या. ड्रममधून आलेल्या नव्या तेलात एवढे चालते. ट्रान्सफॉर्मर चार्ज करण्यापूर्वी मात्र आम्ही ते 10 च्या खाली, म्हणजे अर्ध्या वाटीवर आणायला बघतो. या पाण्याला कागदाचे, कापडाचे बारीक तंतू मिळाले की विजेच्या दाबाखाली त्यांची साखळी तयार होते आणि त्या पुलावरून ठिणगी पार जाते.

ही ताकद बीडीव्ही चाचणीत मोजतात. अडीच मिलिमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये तेल ठेवून व्होल्टेज सेकंदाला 2 केव्हीने वाढवायचे, ठिणगी पडली की आकडा टिपायचा. असे सहा आकडे घेऊन सरासरी काढायची. भारतीय मानक 335 च्या 2018 च्या आवृत्तीप्रमाणे नवे तेल आल्याबरोबर किमान 30 आणि प्रक्रियेनंतर 70 केव्ही द्यायला हवे.

आता शुद्धीकरण. माता-भगिनींना हे समजायला सोपे. लोणी कढवताना पाणी उडून जाईपर्यंत तड्तड् चालते, ती थांबली की तूप झाले. आमच्या यंत्रातही तेच, पण कढवण्याइतके तापवले तर तेल खराब होते. म्हणून 60-65 अंशांपर्यंतच गरम करायचे, फिल्टरमधून गाळायचे आणि व्हॅक्यूमच्या टाकीत पातळ थराने पसरवायचे. व्हॅक्यूममध्ये पाणी कमी तापमानालाच वाफ होऊन निघते, विरघळलेली हवाही निघते. तेलात आम्ल आणि गाळ झाला असेल, तर मात्र एवढ्याने भागत नाही. त्याला फुलर्स अर्थ, म्हणजे आपल्या मुलतानी मातीच्या जातीची माती लागते.

माझ्या तरुण सहकाऱ्यांनी पुढचे नीट ऐकावे. एका उपकेंद्रात बुशिंग बदलल्यावर ठेकेदाराच्या माणसांनी तेल फिल्टर केले. आकडा आला 62. सगळे खूष, ब्लॉकची वेळ संपत आलेली, सहीसाठी कागद तयार. आम्ही तीन दिवस थांबून पुन्हा नमुना घेतला, तर 38! तेल चोरीला गेले नव्हते की बदलले नव्हते. ट्रान्सफॉर्मरमधले बहुतेक पाणी तेलात नसतेच, ते वाइंडिंगवरच्या कागदात असते. पावसाळ्यात उघडा राहिलेला पापड सादळतो तसा तो कागद सादळला होता, आणि कोरड्या झालेल्या तेलात आपले पाणी हळूहळू सोडत होता. मग गरम तेल दिवसरात्र फिरवत ठेवले. आकडा चढून तिथेच टिकला, तेव्हा सही झाली. वरून फोन येत होते, पण घाईत चार्ज करून आतला कागद जळला असता, तर तो सेक्शन किती दिवस अडखळला असता याचा हिशेब मांडा.

हाताळणीचेही तसेच. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातलेला घरी खपत नाही, इथेही खपवू नये. नमुना पावसात घेऊ नये. तळाच्या व्हॉल्व्हमधून आधी थोडे तेल सोडून द्यावे, कोरडी बाटली त्याच तेलाने विसळावी, मग भरावी. ड्रम आडवे ठेवावेत, बुचे तेलाच्या पातळीखाली राहतील असे. उभ्या ड्रमवर साचलेले पाणी रात्री ड्रम थंड झाला की आत ओढले जाते. पाइपातून वाहणाऱ्या तेलावर विद्युतभार साठतो, म्हणून यंत्र, टाकी आणि बुशिंग अर्थ केल्याशिवाय पंप सुरू करू नये. टाकी व्हॅक्यूमखाली असताना मेगरसुद्धा लावू नये, विरळ हवेत ठिणगी फार कमी व्होल्टेजला पडते. तेल भरल्यावर बुडबुडे वर येईपर्यंत थांबावे. जवळ विडी-सिगारेट नको, आणि सांडलेले तेल नाल्यात तर मुळीच नको.

सारांश इतकाच : यंत्रातून नुकत्याच बाहेर पडलेल्या तेलाचा आकडा फक्त तेलाचा असतो. काही दिवस आत मुरलेल्या तेलाचा आकडा ट्रान्सफॉर्मरचा असतो. सही या दुसऱ्या आकड्यावर करा, मग ब्लॉक वाढवून मागावा लागला तरी चालेल.



गणपती बाप्पा मोरया!